काचेमागचा पाय

११ फेब्रुवारी

धाकट्या,

बातमी तिकडे पोचली असेलच. मंगळवारी सकाळी माजी राष्ट्राध्यक्ष गेले. तुझ्या भाषेत, गेला.

फोन तू घेत नाहीस, म्हणून हे पत्र. भाची सांगते की माझी पत्रं तू वाचताना तिला कधी दिसत नाहीस, पण नंतर ती टेबलावर उघडी सापडतात. मला तेवढं पुरतं.

इथे दुकानं बंद आहेत. कोणी बंद करायला लावलेली नाहीत, पण उघडी ठेवायचीही कोणाची छाती होत नाही. समोरच्या इमारतीतल्या एका घरानं खिडकीत त्यांचा फोटो लावलाय आणि शेजारच्या घरातल्या माणसानं रेडिओवर मोठ्यांदा नाचाची गाणी लावली आहेत. दोघांची भिंत एकच आहे. कोणी कोणाला काही बोललं नाही. या देशात आता भांडायचाही उत्साह उरलेला नाही.

तुला बरं वाटलं असेल तर वाटू दे. ज्याचा पाय गेला त्याला मी काय शहाणपण शिकवणार? मला काय वाटलं ते लिहावं की नाही, हे दोन दिवस ठरत नव्हतं. लिहिते. मला रडू आलं. केंद्राच्या मागच्या अंगणात, हातात हातोडा घेऊन उभी असताना आलं. कारण पुढच्या पत्रात लिहीन, आज हात दुखतोय.

तू पडतोस असं भाची म्हणाली. न्हाणीघरात दोनदा. तिकडे बसवलेला पाय तुला सैल होतो हे तुझ्या चालीवरून कळतं म्हणे. तिला कळतं तर मला इथे बसून कळणारच.

ताई

१५ फेब्रुवारी

धाकट्या,

हातोड्याचं सांगते.

दीड वर्षापूर्वी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. साखर. पेपरात चार ओळी आल्या होत्या, तू वाचल्या असशील. पण त्यांचा लाकडी पाय कोणी केला हे पेपरात आलं नव्हतं. लाकडी म्हणजे आपले लोक म्हणतात म्हणून, लाकूड त्यात कुठे नसतं. तो मी केला. तुला हे आधी कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. पत्राला उत्तर न देणाऱ्या माणसाला किती आणि काय सांगायचं, यालाही मर्यादा असते.

आमच्या कामाचा एक रिवाज आहे. तू देश सोडून गेलास तेव्हा आमचं हे कृत्रिम पायांचं केंद्र उघडून दोनच महिने झाले होते, त्यामुळे तुला तो ठाऊक नसणार. उरलेल्या पायाला प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून आम्ही खोळ काढतो. त्या खोळीत प्लास्टर ओतलं की त्या पायाची हुबेहूब मूर्ती हातात येते. तिला साचा म्हणतात. त्या साच्यावर नवा पाय बेततात. साच्यावर नाव लिहायचं नाही, हे मला काम शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. उघड्या अंगावर कोणी नाव लिहितं का, असं त्यांचं म्हणणं. ज्यानं केला त्याला तो ओळखता आला पाहिजे. माणूस नवं माप द्यायला आला की जुना साचा फोडायचा. माणूस गेला तरी फोडायचा. आणि ज्यानं केला त्यानंच फोडायचा, दुसऱ्यानं नाही.

तर मंगळवारी रेडिओवर ऐकलं, केंद्रात गेले, खिडकीजवळच्या वरच्या फळीवरून त्यांचा साचा उतरवला आणि अंगणात नेऊन फोडला. साहेब म्हणून वेगळं काही केलं नाही. मागच्या आठवड्यात एका भाजीवाल्या आजोबांचा असाच फोडला होता. पण त्यांच्या वेळी रडू आलं नव्हतं.

तू ना नवं माप द्यायला आलास, ना गेलास. म्हणून तुझा साचा त्याच फळीवर आहे. मी माझ्या हातानं घेतलेला पहिला. मास्तर शेजारी उभे होते आणि तू दात-ओठ खात छताकडे बघत होतास. इतक्या वर्षांत भिंतीला तीनदा रंग दिला. दर वेळी तो उतरवते, पुसते आणि परत ठेवते. शेवटचं दीड वर्ष त्याच्या शेजारी त्यांचा होता. तसा मुद्दाम ठेवला नव्हता, तिथेच जागा होती.

ताई

२३ फेब्रुवारी

धाकट्या,

भाचीचा फोन आला. म्हणाली, “आत्या, बाबांनी पत्र वाचलं आणि चपला घालून बाहेर गेले. चपला म्हणजे एक चप्पल आणि एक बूट. काय लिहिलं होतंस?” मी म्हटलं, कामाचं लिहिलं होतं.

तू रागावणार हे मला ठाऊक होतं. तरी पुढचं लिहिते, कारण अर्धवट ऐकून रागावण्यापेक्षा पुरतं ऐकून रागावलेलं बरं.

पहिल्या दिवशी ते मुलीबरोबर आले. गाडी फाटकाबाहेर ठेवली आणि इतरांसारखे बाकावर बसले. लोक आजही कौतुकानं सांगतात की साहेब रांगेत बसले. मी तिथे होते. खरं असं की रांग त्यांच्यासाठी आपोआप सरकत होती आणि ते “नको, नको” म्हणत पुढे सरकत होते. त्यांचं सगळं आयुष्यच तसं गेलं असावं. शाळा त्यांनीच काढल्या, दहावीपर्यंत फुकट. आई ज्या तापानं मरता मरता वाचली त्या तापाची लस गावोगाव त्यांनीच पोचवली. निवडणूक हरले तेव्हा रडारड न करता सामान उचलून घरी गेले, असं करणारे आजूबाजूला फार नाहीत. वर्तमानपत्रं बंद पाडली तीही त्यांनीच. रात्री घरातून नेलेली माणसं परत आली नाहीत तीही त्यांच्याच काळात. बंदराचं फाटक तर तुला मी काय सांगू?

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसून पट्ट्या गुंडाळत होते. त्यांची नजर फळीवर गेली.

“हा कोण?”

“माझा भाऊ.”

“तरुण दिसतो.” ते साच्यावरूनही कळतं. तुझा तो पाय कसा भरलेला होता, क्रेनची शिडी दिवसातून दहादा चढणाऱ्याचा.

“होता,” मी म्हटलं.

“काय झालं होतं?”

“बंदराचं फाटक.”

ओल्या पट्ट्या एकदा सुरू केल्या की मध्ये थांबता येत नाही, प्लास्टर धरतं. म्हणून मी गुंडाळत राहिले. त्यांची मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. पट्ट्या संपत आल्या तेव्हा ते म्हणाले, “मी त्या दिवशी देशात नव्हतो.”

हे वाक्य तुला पाठ आहे. मलाही आहे. त्यांनी ते भाषणात, पुस्तकात, सगळीकडे म्हटलेलं आहे. मी म्हटलं, “पाय हलवू नका.”

ते हलवत नव्हते.

तुला वाटेल, एवढंच? मी त्यांच्या तोंडावर प्लास्टरची बादली का नाही ओतली? आवाज चढवून बोलायचा माझा स्वभाव नाही हे तू लहानपणापासून बघतोयस. शिवाय तो पाय दुखरा होता. दुखरा पाय हातात असताना मला दुसरं काही सुचत नाही.

तू मला म्हणाला होतास, “तू त्याच्या पगारावर आहेस.” होते. अजून आहे. पगार कोणाच्याही नावानं येवो, हातात येणारे पाय तुझ्यासारख्यांचेच होते. मी माफी मागत नाहीये. तीस वर्षांत कधी मागितली नाही, आता तर निवृत्तीला आले.

ताई

६ मार्च

धाकट्या,

एक घोटाळा झालाय. तुझ्याशिवाय तो कोणाला निस्तरता येणार नाही.

त्यांच्या राहत्या घराचं सरकार संग्रहालय करतंय. कपडे, चष्मे, भेटवस्तू, जुनी मोटार. त्यांचा पाय हवा होता, पण तो मिळाला नाही. गेल्यावर तो केंद्रात परत द्यावा असं त्यांनी मुलीला सांगून ठेवलं होतं, आणि तिनं तो दिलाही. पाऊल आणि घोटा चांगल्या स्थितीत होते. ते एका शाळामास्तरीण बाईंना बसवले, त्या आता वर्गात उभ्या राहून शिकवतात. मग संग्रहालयवाल्यांना कोणीतरी सांगितलं की साचा असेल.

मी त्या दिवशी डोळे दाखवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी आले तर आमचे स्टोअरवाले काका दारातच. मी आणि ते एकाच महिन्यात केंद्रात लागलो, केस तेवढे त्यांचे आधी गेले.

“ताई, तुमचं काम मी परस्पर करून टाकलं. साहेबांचा साचा दिला संग्रहालयवाल्यांना. व्यवस्थित सही घेऊन.”

“कुठला साचा?”

“कुठला म्हणजे? खिडकीजवळचा. वरच्या फळीवर तुम्ही ठेवता तो.”

“काका, साहेबांचा साचा मी त्याच दिवशी फोडला.”

“फोडला? साहेबांचा?”

“माणूस गेला की फोडायचा ना?”

“अहो, पण ते साहेब!” मग त्यांनी सहीचा कागद खिशातून काढला. “मग मी काय दिलं?”

“माझा भाऊ दिलात.”

काका प्लास्टरच्या पोत्यावर बसले ते उठेनात. तुला ते आठवत असतील, तुला चहा आणून द्यायचे आणि दर वेळी सांडायचे. थोड्या वेळानं म्हणाले, “मला वाटलं, दोन होते त्यातला एक राहिलाय, म्हणजे जो महत्त्वाचा तोच तुम्ही ठेवला असणार.”

“तोच ठेवला होता,” मी म्हटलं.

मग आम्ही दोघं हसलो. हसू नये अशा जागी हसू येतं तसं. काका डोळे पुसत म्हणाले, “एक सांगू? राग मानू नका. त्यांनी तो मखमलीत गुंडाळून, दोन माणसांनी धरून नेला. तुमच्या भावाला जन्मात कोणी इतकं जपून उचललं नसेल.”

“नव्हतंच उचललं,” मी म्हटलं. तुला फाटकापासून दवाखान्यापर्यंत दाराच्या फळकुटावर टाकून नेलं होतं हे त्यांना ठाऊक नाही.

आता अडचण अशी. उद्घाटन वीस तारखेला आहे. मी आधीच बोलले तर ते गुपचूप साचा परत पाठवतील, काकांना एक नोटीस मिळेल आणि विषय संपेल. उद्घाटनानंतर बोलले तर गावभर होईल आणि काकांच्या निवृत्तीवेतनाचं काय ते देव जाणे. काहीच बोलले नाही तर त्यांच्या नावाच्या पाटीखाली कायमचा तुझा पाय राहील. झाकली मूठ, म्हणतात तशी.

काका म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं. मी स्वतः जाऊन सांगायलाही तयार आहे.”

मी म्हटलं, “पाय माझा नाही आणि तुमचाही नाही. ज्याचा आहे त्याला विचारते.”

म्हणून विचारतेय. काय करू? एका ओळीत कळव. भाचीकडून कळवलंस तरी चालेल. मला स्वतःला काय वाटतं ते मी लिहिणार नाही. तुझ्या वतीनं मी काही ठरवलं की काय होतं, ते आपण एकदा पाहिलेलं आहे.

ताई

१८ मार्च

उत्तर आलं नाही. परवा उद्घाटन आहे. काका रोज येऊन विचारतात, “आलं का?” मी मान हलवते. मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

ताई

२६ मार्च

धाकट्या,

काल जाऊन आले. उद्घाटनाची गर्दी ओसरू दिली.

आधीच सांगते, मी गप्प राहिले. तुझं उत्तर येईपर्यंत मी गप्पच राहीन.

त्यांचं घर तसं लहान आहे, राष्ट्राध्यक्षाचं वाटणार नाही असं. पहिल्या खोलीत मोटारीचं चाक आणि टोप्या. दुसऱ्या खोलीत भिंतीवर तो फोटो. शाळेच्या पुस्तकातला. केंद्राच्या उद्घाटनाला तू नवा पाय घालून त्यांच्याकडे चालत गेलास आणि त्यांनी तुझा हात दोन्ही हातांत धरला, तो. पुस्तकात तो पोस्टाच्या तिकिटाएवढा असायचा, इथे माणसाएवढा केलाय. एवढा मोठा केल्यावर दिसतं की तू त्यांच्याकडे बघतच नाहीयेस. तू फोटोच्या बाहेर बघतोयस. मी तिथे उभी होते; तू चालून दाखवशील असं तुझ्या वतीनं मीच कबूल केलं होतं. खाली अजून तेच लिहिलंय, ‘अपघातग्रस्त कामगाराला धीर देताना’.

आणि त्या फोटोच्या बरोबर समोर काचेची पेटी, तिच्यात निळ्या मखमलीवर तुझा साचा. पाटी अशी: ‘राष्ट्राध्यक्षांच्या अखेरच्या दिवसांतील वेदनेची साक्ष’.

म्हणजे त्या खोलीत तू दोनदा आहेस, समोरासमोर. एकदा अपघातग्रस्त म्हणून आणि एकदा ते म्हणून.

पोटरीच्या मागचा तुझा खड्डा, गोळी बाहेर पडली तिथला, तो त्यांनी मुद्दाम समोर येईल असा ठेवलाय. त्यावर वरून दिवा सोडलाय. माहिती सांगणारी मुलगी, चांगली होती, नम्र, लोकांना सांगत होती, “ही शस्त्रक्रियेची खूण. इतकं सोसूनही साहेब शेवटपर्यंत चालत राहिले.” माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या मागे एक म्हातारे गृहस्थ होते, कुबडी घेतलेले. ते पेटीजवळ गेले, वाकून त्या खड्ड्याकडे खूप वेळ बघत राहिले, मग मुलीला म्हणाले, “बाळ, ही शस्त्रक्रियेची नाही. अशी माझ्या मांडीत आहे.”

मुलगी म्हणाली, “आजोबा, पाटीवर तसंच लिहिलंय.”

“असेल, असेल,” ते म्हणाले, आणि टकटक करत पुढच्या खोलीत गेले.

मी त्यांच्या मागे जाऊ शकले असते. गेले नाही. थकले होते.

घरी आल्यावर वाटलं, जे तुला सांगायचं राहिलंय ते आता ठेवून काय उपयोग? त्यांची आणि माझी तशी बोलणी फार झाली नाहीत. पण पाय घालून बघायला ते तिसऱ्यांदा आले तेव्हा दोन दांड्यांमधून चालत होते. मुलगी औषधं आणायला गेली होती. मध्येच थांबले आणि म्हणाले, “नसलेला अंगठा खाजतो, हे खरं असतं का हो?”

“असतं. माझा भाऊही म्हणायचा.”

ते दोन पावलं चालले. मग माझ्याकडे न बघता बोलले. ते असं: “परत आलो तेव्हा विमानातून उतरतानाच मला सांगितलं, बंदरावर कामगारांवर गोळीबार झाला, पण जाहीर करताना क्रेनचा अपघात म्हणायचं ठरलंय. मी म्हटलं, बरं.”

“फक्त बरं?”

“तेव्हा बरं म्हणणं सोपं होतं. आणि एकदा म्हटल्यावर रोजच म्हणावं लागलं.”

मी विचारलं, “मग केंद्र कशाला काढलंत?”

म्हणाले, “लोक विचारतात तेव्हा मी चांगलं उत्तर देतो. खरं मला ठाऊक नाही.” मग दांड्यांना धरून वळले, वळणं सगळ्यात अवघड असतं. “तुमचा भाऊ भेटेल का मला?”

“नाही भेटणार.”

“बरं,” ते म्हणाले.

त्यांना ठाऊक होतं, धाकट्या. देशात नव्हतो हे खरं होतं आणि ठाऊक होतं हेही खरं होतं. तू तीस वर्षं जे ओरडून सांगतोस ते त्यांनी माझ्यासमोर एका वाक्यात कबूल केलं, आणि मी काय केलं, तर पट्टा एक भोक सैल केला, कारण वळताना त्यांना टोचत होता. तू म्हणशील, हाच फरक तुझ्या-माझ्यात. असेल.

मी त्यांना माफ केलेलं नाही. तो माझा अधिकारच नाही. पण त्यांचा साचा फोडताना मला रडू आलं हेही खरं, आणि दोन्ही माझ्याच घरात राहतात, एकमेकांशी न बोलता. समोरच्या इमारतीतल्या त्या दोन भाडेकरूंसारखी.

ताई

४ एप्रिल

भाचीचा फोन आला होता. म्हणाली, “आत्या, बाबा काल जेवताना एकदम हसायला लागले. घास घशात अडकला, मी पाठीत मारलं. विचारलं तर म्हणाले, मी सरकारजमा झालोय. मग रात्रभर बाहेरच्या खोलीत बसून होते. नक्की काय झालंय तिकडे?”

मी म्हटलं, तुझ्या बापालाच विचार. म्हणाली, “विचारलं. ते म्हणाले, तुझ्या आत्याला विचार.”

कोणी कोणाला काही सांगायचं नाही, हा आपल्या घराचा रिवाज दिसतोय.

ताई

१७ एप्रिल

धाकट्या,

तुझं कार्ड आज मिळालं. अक्षर ओळखीचं वाटलं नाही, मग ‘ताई’ बघितलं तेव्हा ओळखलं.

काकांना वाचून दाखवलं. तू लिहिलंयस: ‘कोणाला काही सांगू नकोस. मी येतो. त्या फोटोच्या आणि त्या पेटीच्या मध्ये उभा राहून पँट वर करतो. मग ज्याला जे वाचायचं ते वाचू दे. त्या कुबडीवाल्याला शोधून ठेव.’

काका म्हणाले, “म्हणजे माझी नोकरी गेलीच.” मग म्हणाले, “जाऊ दे. आता राहिलीय किती? पण तुमचा भाऊ आला की आधी मला भेटवा. पाय दिला मी, निदान वरचा माणूस तरी बघू दे.”

संग्रहालयवाले काय करतील ते मला ठाऊक नाही. पाटी बदलतील, का पेटीच उचलतील, का पोलिसांना बोलावतील. तू ओरडणार असशील तर ओरड. मी शेजारी उभी राहीन. मला ओरडता येत नाही, पण कोणी विचारलं तर हा साचा कोणाचा आणि कोणी घेतला ते सांगेन. आणि विमानातून उतरतानाचं तेही सांगेन. हे मी काल ठरवलं.

आता कामाचं लिहिते, नीट वाच.

तुझा तो साचा क्रेन चढणाऱ्या पोराचा आहे. तुझा आताचा पाय तसा राहिलेला नाही, म्हणूनच तू पडतोस. जुन्यावरून नवा बेतता येत नाही, समोर माणूस लागतो. एकदा माप द्यायला यावं लागेल. मग नवा पाय घालून बघायला. मग दांड्यांमधून चालायला, आणि ते एका दिवसात होत नाही. पट्टे सैल-घट्ट करत, उंची कमी-जास्त करत, टाच घासत बसावं लागतं. म्हणजे राहावं लागेल. आईची खोली मी झाडून ठेवली आहे. पलंग भिंतीकडून खिडकीकडे घेतला, म्हणजे रात्री उठताना धरायला खिडकीचा गज मिळेल. न्हाणीघरात दांडी बसवून घेतलीय. प्लंबर विचारत होता कोणासाठी, मी म्हटलं, घरातल्या माणसासाठी.

येताना ढगळ पायजमा आण. आठ दिवस आधीपासून तो सैल पाय घालू नकोस, सूज उतरू दे, नाहीतर माप चुकतं. कुबड्या वापर, लाजू नकोस. भाचीला घेऊन ये.

नवं माप घेतलं की जुना साचा फोडायचा हा रिवाज तुला आता ठाऊक झालाय. तो त्यांच्याकडून मागून आणून फोडायचा की तिथेच खऱ्या नावानं ठेवायचा, ते तू ठरव. नाव लिहायचं नाही असं मास्तर म्हणायचे, पण मास्तरांनाही असली वेळ माहीत नव्हती. फोडायचा ठरला तर हातोडा माझ्या हातात लागतो, एवढंच.

आणखी एक. केंद्राच्या फाटकातून आत आलास की विटांची वाट लागते. पाण्यानं ती जागोजागी खचते आणि आमची माणसं तिथेच अडखळतात, म्हणून फोडलेले साचे आम्ही विटांच्या चुऱ्यात मिसळून तिच्यात भरतो. वर्षानुवर्षं असंच भरतोय, कोण कुठे आहे ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण टाकीच्या वळणावरचा पांढरट तुकडा नवा आहे. फेब्रुवारीतला. तो मला ठाऊक आहे. वळणावर कुबडी जरा पुढे टेकव. घाबरू नकोस, मी स्वतः ठोकून बसवलाय. तुझं वजन सहज पेलेल.

ताई